‘सैराट’च्या गाण्यांची दहा वर्षं: करमाळ्याच्या प्रेमकथेला हॉलिवूडचा ऑर्केस्ट्रा लागत होता का?

लग्नसराई सुरू झाली की पुणे-नगर रस्त्यावर शिरूरच्या आसपास घ्या, नाहीतर सोलापूर रस्त्यावर यवत, चौफुला, पाटसकडची मंगल कार्यालयं घ्या, वरातीत एक गाणं ठरलेलं असतं. डीजेवाला काय वाजवू म्हणून विचारतसुद्धा नाही. ‘झिंगाट’ लागतं आणि मागं उभे राहून मोबाईल बघणारे पाहुणेही पुढं येतात.

ज्या सिनेमातलं हे गाणं आहे, त्यात दोघांनी मनाप्रमाणे लग्न केलं म्हणून त्यांना मारलं जातं. वरातीत नाचताना हे कुणाच्या ध्यानात नसतं आणि असायला हवं अशी अपेक्षाही कुणी करत नाही. पण ‘सैराट’च्या संगीतावरचा वाद इथंच येऊन थांबतो.

नागराज मंजुळे यांचा ‘सैराट’ २९ एप्रिल २०१६ ला प्रदर्शित झाला. २९ एप्रिल २०२६ ही त्याची दहा वर्षं. मधल्या काळात मार्च २०२५ मध्ये सिनेमा पुन्हा थिएटरात लागला तेव्हाही लोकांनी पडद्यासमोर नाचून घेतलं. शंभर कोटींच्या पुढं कमाई करणारा पहिला मराठी सिनेमा, बर्लिन महोत्सवात दाखवलेला सिनेमा, कन्नड, पंजाबी, ओडिया, बंगाली आणि हिंदीत रिमेक झालेला सिनेमा, हे सगळं सांगून झालेलं आहे. गाण्यांबद्दल मात्र दोन तट अजून आहेत. एक म्हणतो, मराठी सिनेसंगीतानं घेतलेली ही सगळ्यात मोठी उडी. दुसरा म्हणतो, साध्या गावाकडच्या गोष्टीवर उगाच चढवलेला भरजरी शेला.

दोन्ही बाजूंत दम आहे. फक्त त्या बऱ्याचदा वेगवेगळ्या गोष्टींबद्दल बोलत असतात.

प्रयोग नेमका काय होता?

अल्बममध्ये गाणी चारच. ‘याड लागलं’ अजय गोगावलेंच्या आवाजात, ‘आताच बया का बावरलं’ श्रेया घोषालच्या, ‘सैराट झालं जी’ अजय आणि चिन्मयी श्रीपादा यांचं द्वंद्वगीत आणि ‘झिंगाट’ अजय-अतुल दोघांचं. भाषा सोलापूर-करमाळ्याकडची. शहरी मराठीत ‘वेड’ लागतं, तिकडं ‘याड’ लागतं, आणि गाण्याच्या नावातच ते ठेवलं.

हे शब्द घेऊन संगीतकार गेले थेट अमेरिकेत. लॉस एंजेलिसजवळच्या कल्व्हर सिटीत सोनीचं स्कोअरिंग स्टेज आहे. १९३९ च्या ‘द विझार्ड ऑफ ऑझ’चं संगीत जिथं रेकॉर्ड झालं, तीच ही जागा. तिथं साठहून जास्त वादकांचा ताफा बसवून ‘सैराट’चं सिम्फनी संगीत ध्वनिमुद्रित झालं. व्हायोलिन, चेलो अशी तंतुवाद्यं, लाकडी फुंकवाद्यं, पितळी वाद्यं आणि हार्प. तिथं असं काम करणारा हा पहिला भारतीय सिनेमा, असं तेव्हा जाहीर झालं आणि जाहिरातीत ते पुरेपूर वापरलंही गेलं.

आता कुणी म्हणेल, व्हायोलिनचा आवाज तर कीबोर्डवरही काढता येतो. येतो. पण चाळीसेक माणसं एकाच खोलीत तोच सूर ओढतात तेव्हा प्रत्येकाचं गज ओढणं किंचित वेगळं असतं. या बारीक फरकांमुळं आवाजाला जी रुंदी येते, ती एका बटणातून येत नाही. याची एक किंमतही असते. एवढ्या वादकांना एका चालीत ठेवायला कानात घड्याळासारखा ठोका वाजवतात, त्याला क्लिक ट्रॅक म्हणतात. सगळं कागदावर आधी लिहिलेलं असतं. आपल्याकडं ढोलकीवाला गाणाऱ्याच्या तोंडाकडं बघून ऐन वेळी तोडा लांबवतो, कधी मध्येच सोडून देतो. असली मुभा या पद्धतीत जवळपास नसते.

म्हणजे प्रयोग दुहेरी होता. बोली गावाची ठेवायची, पण तिच्याखालची जमीन बदलायची.

आणि हे करणारे दोघं गाव न पाहिलेले नव्हते. अजय-अतुल यांचे वडील महसूल खात्यात होते. त्यांच्या बदल्यांबरोबर या भावांचं बालपण शिरूर, जुन्नर, राजगुरुनगर, घोडेगाव असं पुणे जिल्ह्यातच फिरत गेलं. संगीताचं रीतसर शिक्षण दोघांनीही घेतलेलं नाही. सिम्फनीचा नादही ‘सैराट’पासूनचा नाही. २००१ मध्ये आलेल्या ‘विश्वविनायक’ या अल्बममध्ये त्यांनी गणपतीच्या गाण्यांना पाश्चात्त्य वाद्यवृंदाचा साज चढवला होता, तोही एस. पी. बालसुब्रह्मण्यम आणि शंकर महादेवन यांच्या आवाजात. गणपतीपुढं टाळ-मृदंग हवा असं मानणाऱ्या कानांना तेव्हाही ते जरा चमत्कारिकच वाटलं असणार.

‘गावाचं संगीत कुठं गेलं?’

अल्बमविरुद्धचा पहिला आक्षेप हाच, आणि तो दौंड-शिरूरकडच्या माणसाला लगेच पटेल. चौफुल्याला कला केंद्रं आहेत. तिथं आजही पेटी, ढोलकी, तबल्यावर बैठक होते आणि त्यावर कलावंतांची घरं चालतात. शिरूर तालुक्यातलं कवठे येमाई हे तर तमाशाचं गाव. तिथले लोकशाहीर बशीर मोमीन कवठेकर यांनी कित्येक वर्षं तमाशाच्या फडांसाठी वगनाट्यं आणि गाणी लिहिली. २०२१ मध्ये ते गेले. राज्य सरकारचा विठाबाई नारायणगावकर यांच्या नावाचा जीवनगौरव पुरस्कार त्यांना मिळाला होता. एवढी वाद्यं, एवढा ठेका, एवढे शब्द हाताशी असताना दौंडहून रेल्वेनं भिगवण ओलांडलं की लागणाऱ्या जेऊर-करमाळ्याच्या गोष्टीला कल्व्हर सिटीतले व्हायोलिनवादक कशाला लागावेत?

‘अजय-अतुलना लोकसंगीत जमत नाही म्हणून’ असं उत्तर कुणीच देऊ शकत नाही. जानेवारी २०१० मध्ये आलेल्या ‘नटरंग’मध्ये त्यांनी लावणीचा अख्खा बाज उभा केला होता. ‘जोगवा’च्या संगीतासाठी त्यांना राष्ट्रीय पुरस्कारही मिळाला होता. म्हणजे हलगी-ढोलकी बाजूला ठेवायचं त्यांनी ठरवून केलं.

आणि ते ठरवणं बरोबर होतं असं म्हणायला जागा आहे. गावातली वाद्यं कुणाचीच नसतात असं कधीच नव्हतं. बहुतेक गावांत हलगी मातंगांकडं, सनई-वाजंत्री होलारांकडं, देवळातलं वाजवणं गुरवाकडं असायचं. कुणी, कुणाच्या दारात, कुठं उभं राहून वाजवायचं, हे ठरलेलं. हलगीचा आवाज आज आपल्याला ‘अस्सल मातीतला’ वाटतो. पण ज्याच्या आजोबाला ती वाजवावीच लागायची, त्याच्यासाठी त्या आवाजात वेठही होती. आर्ची पाटलाची, परशा मासेमारी करणाऱ्या, गावकुसाच्या कडेला राहणाऱ्या घरातला. ही दोघं एकमेकांकडं बघतात तेव्हा मागं कुठलंही गावठी वाद्य लावा, ते कुठल्या ना कुठल्या आळीचं निघणार. चेलो कुठल्याच आळीचा नाही. करमाळ्यात त्याला जात नाही.

अजय-अतुल यांनी असा विचार करून केलं का, हा वेगळा मुद्दा. पडद्यावर परिणाम मात्र हाच होतो. ‘याड लागलं’मध्ये तंतुवाद्यांची लाट उठते तेव्हा विहीर, ऊस, बांध हे सगळं रोजचं राहत नाही. परशाला पहिल्यांदा वाटतं की हे सगळं आपलंही आहे. गरीब घरातल्या पोराच्या मनातली गोष्ट एवढ्या मोठ्या आवाजात सांगायची सोय मराठी सिनेमात त्याआधी फारशी नव्हती. त्याच्या वाट्याला बहुतेक वेळा विनोद तरी यायचा, नाहीतर करुण बासरी.

मंजुळे यांच्याच आधीच्या ‘फँड्री’शी ताडून बघा. त्या सिनेमातही वरच्या जातीतल्या मुलीवर जीव जडलेला पोरगा आहे. पण सिनेमात गाणं नाही. अजय-अतुल यांनी केलेलं गाजलेलं गाणं प्रसिद्धीसाठी होतं, कथेत ते कुठं येत नाही. जब्याच्या स्वप्नाला ऑर्केस्ट्रा मिळाला नाही, परशाच्या मिळाला. तोही अर्ध्याच सिनेमापुरता, पण त्याकडं नंतर येऊ.

मग तक्रारी खोट्या का?

मुळीच नाही.

चारपैकी तीन गाण्यांत सिम्फनी एकाच कामाला लावली आहे. हळू सुरुवात, मग उसळी, मग गायकाचा वरचा सूर. ‘याड लागलं’ आणि ‘सैराट झालं जी’ पाठोपाठ ऐकली की हे चटकन कळतं. त्यातल्या त्यात ‘सैराट झालं जी’ जास्तच लादलेलं आहे. दोन चांगल्या आवाजांना श्वास घ्यायला जागा उरत नाही. मधल्या जागा भरून काढायचा मोह संगीतकारांना आवरलेला नाही.

इळैयराजा यांची छाया हीसुद्धा खरीच तक्रार. अजय-अतुल त्यांना गुरूस्थानी मानतात आणि ते लपवतही नाहीत. तमिळनाडूतल्या पन्नैपुरम या खेड्यातून आलेल्या या माणसानं १९७६ च्या ‘अन्नक्किळि’पासून खेड्यातल्या गोष्टींना पाश्चात्त्य तंतुवाद्यांची जोड दिली. म्हणजे ‘असं कधी झालंच नव्हतं’ हा ‘सैराट’च्या चाहत्यांचा दावा महाराष्ट्रापुरता ठीक आहे, मदुराईत टिकणार नाही.

मोठा ऑर्केस्ट्रा आला की सगळं भव्य होतं आणि भव्य झालं की चांगलं वाटायला लागतं, हा सापळा रॉकवाल्यांनाही ठाऊक आहे. डीप पर्पल या बँडनं सप्टेंबर १९६९ मध्ये लंडनच्या रॉयल अल्बर्ट हॉलमध्ये रॉयल फिलहार्मोनिक ऑर्केस्ट्राबरोबर कार्यक्रम केला. मेटॅलिकानं १९९९ मध्ये सॅन फ्रान्सिस्को सिम्फनीबरोबर तेच केलं. दोन्ही रेकॉर्डिंगवरून वाद आहे तो असा, की वाद्यवृंद गाण्यात मिसळला की नुसता शेजारी जाऊन बसला? हाच प्रश्न ‘सैराट’ला लावला तर ‘याड लागलं’ पास होतं, ‘सैराट झालं जी’ काठावर राहतं.

आणि ‘आताच बया का बावरलं’? चौघांत कमी वाजलेलं पण बहुधा सगळ्यात टिकाऊ गाणं हेच. इथं वाद्यवृंद मागं राहतो. मुख्य म्हणजे बघणारी इथं मुलगी आहे. गावातली पाटलाची लेक एका पोराकडं बघते, लाजते, पुन्हा बघते आणि ते बघणं कुणाची परवानगी न मागता चालतं. बुलेट चालवणाऱ्या, ट्रॅक्टर घेऊन येणाऱ्या आर्चीचे मीम्स निघाले, तिच्या ठसक्याचे संवाद रिंगटोन झाले. तिचं मन कसं चालतं हे मात्र या गाण्यात जेवढं कळतं तेवढं संवादांतून कळत नाही.

आता ‘झिंगाट’

या गाण्यात सिम्फनीचा फारसा प्रश्नच नाही. ठेका हाच राजा. म्हणून सिम्फनीवर भांडणारे दोन्ही तट याला वगळून बोलतात आणि मग सगळा वाद अर्धवट राहतो. कारण दहा वर्षांनी लोकांच्या रोजच्या आयुष्यात ‘सैराट’चं जे उरलंय ते मुख्यतः ‘झिंगाट’.

सिनेमात हे गाणं येतं ते आर्चीच्या भावाच्या, प्रिन्सच्या वाढदिवसाला. पाटलांच्या दारात सगळं गाव नाचतंय, परशा आणि त्याचे मित्रही नाचतायत, आर्चीही उतरते. त्या काही मिनिटांत कोण कुणाचा हे विसरलं गेल्यासारखं वाटतं. त्याच रात्री दोघं पकडली जातात आणि मारहाण सुरू होते. गाण्यातली मोकळीक खोटी होती, किंवा फार तर ठेका चालू असेपर्यंतची होती.

त्यानंतर सिनेमात एकही गाणं नाही. चारही पूर्वार्धात संपतात. पळून गेल्यावर हैदराबादची झोपडपट्टी, भाड्याची खोली, नोकरी, संशय, भांडण, पोर. कल्व्हर सिटीतल्या त्या साठहून जास्त वादकांना जणू घरी पाठवून दिलेलं असतं. आणि शेवट तर सगळ्यांना माहीतच आहे. माहेरहून माणसं भेटी घेऊन येतात, चहा होतो. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलं लेकरू परत येतं, आई-बाप रक्तात पडलेले असतात. ते लेकरू रडतं आणि रडण्याचाही आवाज येत नाही. संगीत नाही, किंकाळी नाही, काही नाही.

‘सैराट’च्या संगीताची खरी ताकद या शांततेत आहे. पूर्वार्धात कान एवढे भरलेले नसते तर ही शांतता एवढी लागली नसती. ज्यांना ऑर्केस्ट्रा भपका वाटतो त्यांना सिनेमाकडून मिळणारं उत्तर हेच: भपका हवाच होता, कारण तो काढून घ्यायचा होता. अडचण अशी की अल्बम हे उत्तर देऊ शकत नाही. अल्बममध्ये चार गाणी आहेत, शांतता नाही. यूट्यूबवर, रीलमध्ये, डीजेच्या पेनड्राइव्हमध्ये ‘सैराट’ म्हणजे कायमचा पूर्वार्ध. एक बरा, थोडा जड, काही ठिकाणी अप्रतिम प्रेमगीतांचा संच. नुसता अल्बम तोलायचा तर एवढंच म्हणता येईल. सिनेमासकट तोलला तर पारडं एकदम खाली जातं.

हिंदीत काय झालं ते बघितलं की हे आणखी कळतं. जुलै २०१८ मध्ये ‘धडक’ आला. संगीत पुन्हा अजय-अतुल यांचंच. ‘झिंगाट’ची चाल तीच राहिली, ‘याड लागलं’चीही राहिली, शब्द हिंदी झाले, गाव जाऊन उदयपूर आलं. शेवटालाही आवाज काढून घेतला होता. तरी ते तसं लागलं नाही, कारण कथेतली जातच इतकी पुसट केली होती की ही दोघं नेमकी कशाच्या विरोधात नाचतायत हे कळेना. सूर तेच होते, फक्त खालचा खड्डा बुजवला होता.

वरातीचं काय?

या वादाला एक कडवट बाजू आहे. ‘सैराट’ प्रदर्शित व्हायच्या साधारण दोन वर्षं आधी, २८ एप्रिल २०१४ ला, नगर जिल्ह्यातल्या जामखेड तालुक्यात खर्डा इथं सतरा वर्षांच्या एका दलित विद्यार्थ्याची हत्या झाली. वरच्या जातीतल्या मुलीशी बोलतो, एवढा संशय पुरला होता. साक्षीदार फिरले आणि नोव्हेंबर २०१७ मध्ये खालच्या न्यायालयात आरोपी निर्दोष सुटले. तोपर्यंत ‘झिंगाट’ दीड वर्ष वाजत होतं, नगर जिल्ह्यातही. पुढं २७ मार्च २०१८ ला सर्वोच्च न्यायालयानं ‘शक्ती वाहिनी’ प्रकरणात सांगितलं की दोन सज्ञान माणसांच्या लग्नात जातपंचायतीला, खाप पंचायतीला किंवा जमावाला नाक खुपसायचा अधिकार नाही. अशा जोडप्यांना संरक्षण देण्यासाठी जिल्ह्याजिल्ह्यांत विशेष कक्ष काढायलाही सांगितलं.

म्हणून वरातीत ‘झिंगाट’ वाजवणाऱ्यांना दोष द्यायचा का? सोपं आहे, पण बरोबर नाही. गाणं नाचण्यासाठीच केलंय. आणि डीजेला नाक मुरडणाऱ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. ज्यांच्या घरच्या वरातीला गावातल्या मुख्य रस्त्यावरून जाता येत नव्हतं, त्यांच्यासाठी पैसे मोजून आणलेल्या भिंतीएवढ्या स्पीकरचा अर्थ वेगळा असतो. हे मंजुळे यांनी नंतर स्वतःच दाखवलं. मार्च २०२२ मध्ये आलेल्या ‘झुंड’मध्ये, नागपूरच्या वस्तीत आंबेडकर जयंतीला डीजे लागतो आणि पोरं ‘लफडा झाला’वर बेभान नाचतात. संगीतकार पुन्हा तेच दोघं. त्या नाचावर कॅमेरा नाराज नाही.

बाकी कानाचे आणि म्हाताऱ्या माणसांच्या छातीचे प्रश्न आहेतच. ध्वनिप्रदूषणाच्या २००० सालच्या नियमांनुसार निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद. सणासुदीसाठी राज्य सरकार वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस १२ पर्यंत सूट देऊ शकतं, त्यात कुणाच्या घरचं लग्न बसत नाही. शिरूर असो की दौंड, हा नियम किती पाळला जातो ते ज्याच्या दारावरून वरात गेलीय त्याला विचारावं.

दहाला पाच कमी असताना डीजेवाला शेवटचं गाणं लावतो. बहुतेक ठिकाणी ते कुठलं असतं, हे वेगळं सांगायला नको.